रोपटे मग लावा, आधी विहिरीत दोरी सोडा



मागच्या एका पावसाळ्यात यावल तालुक्यातल्या एका गावी कॉलेजची पंचवीस-तीस मुलेमुली नदी वाचवायला आली होती. अंगात एका रंगाचे टी-शर्ट, हातात कापडी फलक, टेम्पोत रोपे. खड्डे आदल्या दिवशीच गावातल्या मजुरांकडून खणून घेतलेले. दीड तासात रोपे लागली, शपथ झाली, फोटो निघाले. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. भाषणे संपल्यावर पारावर बसलेल्या एका नानांनी एका मुलाला जवळ बोलावून विचारले, "भाऊ, नदी वाचवायला आले ते बरं केलं. पण नदी आहे कुठे?" मुलाने हात करून दाखवले. नाना म्हणाले, "ती नदीची जागा आहे. नदी होती तेव्हा आम्ही तिथे हाताने झिरा उकरून पाणी प्यायचो. उन्हाळ्यात."

लोक हसले, मुलेही हसली, टेम्पो निघून गेला. मी शेतीचा पदवीधर आहे, वीस वर्षांवर तुमच्यात फिरतो आहे. नदी वाचवा म्हणणाऱ्यांची चेष्टा करणे आपल्या सभांत सोपे जाते, टाळ्याही मिळतात. मीही ती केली आहे. पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे सोंग आहे, आपला प्रश्न भावाचा आहे, असे मी याच जिल्ह्यात बोललो आहे. भावाचा प्रश्न आहे तिथेच आहे. पण नदीचा प्रश्न टी-शर्टवाल्या पोरांवर सोडून देण्यात आपण चूक केली. ती कबूल करावी म्हणून हे लिहितो आहे.

नाना झिऱ्याबद्दल बोलले ते खरे म्हणजे वाळूबद्दल होते. कोरडवाहू शेतकऱ्याला वाळूचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून इथे मांडतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे २८०० लिटरचा ढीग. जाड्या वाळूत साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते. म्हणजे एका ब्रासच्या पोटात आठशे-नऊशे लिटर पाणी बसते, आणि दोन-तीन फुटांखालच्या वाळूला उन्हाची झळ लागत नसल्याने ते उडूनही जात नाही. आता दुसरी बाजू. कापूस पाते-बोंडांवर असताना पावसाने वीस-बावीस दिवस दडी मारली, तर एकरी पाच सेंटिमीटरचे एक संरक्षित पाणी पीक वाचवते. ते होते दोन लाख लिटर. म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे ब्रास वाळू नाल्यातून गेली की एका एकराचे एक पाणी गेले. तेही एकदाच नाही. वाळू जागेवर असती तर प्रत्येक पुराने ती पुन्हा भरली असती. जूनमध्ये भरली असती, ऑगस्टमध्ये भरली असती, सप्टेंबरच्या परतीच्या पावसात भरली असती. ट्रॉली भरून गेली ती गेली.

पुढचे नुकसान यापेक्षा मोठे आहे. तळ खोल गेला की काठच्या विहिरींचे पाणी उलटे फिरते. आधी नदी विहिरीला पाणी द्यायची, आता नदीचा खड्डा विहिरीचे पाणी ओढून घेतो. पूर अंगावर धावून येतो, सहा तासांत निघून जातो, आणि आपण काठावर उभे राहून म्हणतो, यंदा पाऊस बरा झाला.

वाळूचे कायदे नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार यांच्या खटल्यात सांगितले की पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यालाही पर्यावरण परवानगी लागेल. राज्य सरकारने २०२३ साली ६०० रुपये ब्रासने डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले, २०२५ साली ते बदलून पुन्हा लिलावाचे आणले. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाच्या लिलावाआधी गावाची शिफारस घ्यावी लागते. शिफारशीचा ठराव कुठल्या ग्रामसभेत झाला, किती माणसे होती, सह्या कोणाच्या होत्या, हे आपापल्या गावात जाऊन विचारा.

आणि विचारताना जरा सांभाळून. कारण ट्रॉली चालवणारा पोरगा आपलाच आहे. चार एकर कोरडवाहू कापूस, घरात लग्नाचे वय उलटत चाललेला मुलगा, शेतकऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. कापसाचा हमीभाव २०२५-२६ साली मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला, आपला कापूस बोंडावर यायच्या सुमारास, केंद्राने आयातीवरचे ११ टक्के शुल्क काढले आणि नंतर ही सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. अशा वर्षी रात्रीच्या चार खेपांचे रोख पैसे नाकारा, असे त्या पोराला कोणत्या तोंडाने सांगायचे? नदीकाठी रोप लावणारा तरुण आणि नदीतून वाळू भरणारा तरुण, दोघांचे वय एकच आहे. पहिल्याला प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्यावर गुन्हा दाखल होतो. दोघांपैकी नदी कोणाला जास्त कळते, असे मला विचाराल तर मी दुसऱ्याचे नाव घेईन. कुठे किती हात वाळू आहे, खाली चिकणमाती कुठे लागते, पूर कुठून वळतो, हे त्याला पाठ असते. तो आपल्या बाजूला आला पाहिजे, आणि तो भाषणाने येणार नाही.

आता पाणी मुरते कुठे आणि निघते कुठे, ते पाहू. सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगर संपतो आणि काळी जमीन सुरू होते त्या पट्ट्यात, दगडगोटे आणि भरड रेतीचे जाड थर आहेत. भूगर्भशास्त्राची माणसे त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारा मोर, हडकाई यांच्यासारखा प्रत्येक प्रवाह या पट्ट्यात पाणी गाळून देतो आणि ते खाली तापीच्या गाळात सरकते. हे पाणी ओळखणारे आपण पहिले नाही. बुऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास, मोगलांच्या काळात, डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. अजून पाहायला मिळतो, इथून लांब नाही, पोरांची सहल न्यायची तर तिकडे न्या. पुढे १९९० च्या दशकात केंद्रीय भूजल मंडळाने खुद्द यावल तालुक्यात टीई-१७ नावाच्या पाणलोटात पुनर्भरणाचे प्रयोग केले, पाझर तलाव आणि पुनर्भरणाचे शाफ्ट वापरून. म्हणजे पाणी कसे मुरवावे याचे ज्ञान दिल्ली-मुंबईहून येणार आहे असे नाही, ते आपल्या शिवारात तपासून झालेले आहे. पाझर तलावाच्या तळाला गाळ बसला की मुरणे मंदावते आणि गाळ काढावा लागतो, इतकी साधी गोष्ट आहे. यावलमध्ये किती तलावांचा गाळ गेल्या दहा वर्षांत निघाला, ही यादी प्रत्येक बैठकीत मागितली पाहिजे.

पण मुरवणे ही अर्धीच गोष्ट. बझाड्यात मुरलेले पाणी ज्याच्या शिवारात मुरते त्याचे राहत नाही. ते खाली सरकते आणि ज्याची बोअर खोल, मोटर मोठी, त्याच्या पाइपातून वर येते. यावल-रावेर हा केळीचा पट्टा. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत या दोन तालुक्यांची नावे अतिशोषित म्हणून येत राहिली आहेत. डोंगराच्या अंगाला तडवी, पावरा आणि आपले कोरडवाहू भाऊ ज्वारी-कापूस करतात. तिथे चर खणले, बांध घातले, नाला अडवला, आणि पाणी पोचले चार कोस खाली. केळीवाला माझा वैरी नाही. तोही आपल्याच चळवळीतला, भाव पडला की तोही रडतो, वादळाने बाग आडवी झाली की त्याचीही झोप उडते. पण त्याच्यासमोर बसून हे बोलायची आपली हिंमत होत नाही, कारण तो सभेला गाडी देतो. हे वाक्य छापताना संपादकांना अडचण होईल, तरी छापावे.

अमळनेर-पारोळा-शिंदखेड्याचे वाचक म्हणतील, आमच्याकडे बझाडा नाही, कातळ आहे. बरोबर. तिथे पाणी वरच्या मुरमात राहते, फार लांब जात नाही, आणि म्हणून नाला अडवल्याचा फायदा त्याच गावाला दिसतो. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने नाले रुंद-खोल करून एकामागे एक सिमेंट बंधारे बांधले. ते काम जाऊन पाहण्यासारखे आहे. पण त्याची नक्कल करताना जेसीबी दिसला की खणा, असे झाले. कातळ कुठे, मुरूम कुठे, चिकणमातीचा थर कुठे, हे न पाहता खोलवर गेले तर धरलेले पाणीही निसटते. खोलीकरण हे औषध आहे आणि ते मात्रेतच द्यावे लागते.

पाणी वाटून घ्यायचे म्हटले की लोक म्हणतात, हे पुस्तकातले झाले. खानदेशातच पांझरेवर, आणि शेजारी मोसम-आरमवर, फडाची पद्धत होती. बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली चार फड, कोणत्या फडात कोणते पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, त्यांची मजुरी शेतकरी देत. पाणी कमी आले की सगळ्यांचे भिजणारे क्षेत्र कमी व्हायचे, शेवटच्याचे एकट्याचे नाही. हे कोणी सरकारने शिकवले नव्हते. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने १९९० नंतर बोअरच्या पाण्यावर शेती बंद केली, ऊस-केळी नाकारली आणि पाऊस मोजून पिके ठरवली. यावलला केळी बंद करा असे मी सांगणार नाही, सांगितले तर माझीच सभा बंद होईल. पण नवी बोअर किती खोल, दोन बोअरमध्ये अंतर किती, एप्रिल-मेमध्ये मोटर किती तास, एवढे तरी गावाने बसून ठरवता येते. भूजलाचा २००९ चा कायदा कागदावर आहेच, तो गावाच्या ठरावाशिवाय कागदावरच राहील.

तापी मेगा रिचार्जचे नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा त्यावर करार झाला. पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने न्यायचे आणि या मुरणाऱ्या पट्ट्यात सोडायचे, कल्पना भूगर्भाच्या दृष्टीने बरोबर आहे. व्हावी, लवकर व्हावी. माझी शंका एवढीच की, ते पाणी ज्या नाल्यांत उतरेल त्यांत वाळू उरलेली असेल का, आणि ते उपसायचा नियम कोणी केला असेल का. दोन्ही नसेल तर पाणी येईल आणि त्याच मोटरीत जाईल.

आता पोरांकडे येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग नावाची शाळकरी मुलगी संसदेसमोर एकटी बसली, आणि वर्षभरात जगभरची मुले शुक्रवारी शाळा सोडून रस्त्यावर आली. मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेची झाडे रात्रीतून तोडली तेव्हा अडवायला गेलेल्या २९ जणांना अटक झाली. त्या मुलांना मी नावे ठेवणार नाही, तुरुंगाची पायरी चढणे काय असते ते आपल्याला माहीत आहे. हवामान बिघडले आहे हेही खरे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. आपण ते शेतात पाहतोच. पेरणीनंतर दडी, मग एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस, मग पुन्हा ऊन.

पण इथे एक धोका आहे. हवामान बदलाचे नाव घेतले की खालचे सगळे सुटतात. नाला का आटला? हवामान बदल. विहीर का गेली? हवामान बदल. आभाळावर पंचनामा करता येत नाही, म्हणून तहसीलपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना हे उत्तर सोयीचे आहे. पाऊस कमी पडल्याने विहीर किती खाली गेली आणि वाळू व उपशामुळे किती, हे वेगळे काढून दाखवणारा माणूस गावात नाही. तो गावातला तरुण असला पाहिजे. पोरांच्या हाती रोप आणि झाडू देण्याऐवजी हे काम द्या, असे माझे म्हणणे आहे.

त्याला फार लागत नाही. प्रत्येक गावाला एक पर्जन्यमापक, आणि गावाच्या वरच्या अंगाच्या, मधल्या आणि नदीकाठच्या अशा पाच विहिरी. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंत किती फूट ते मोजायचे. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये आणि पुढे जानेवारी, मार्च, मे. त्याच महिन्यांत मोजा म्हणजे तुलना करता येईल, जमले तर दर महिन्याला. नाल्यात तीन ठिकाणी वाळूची जाडी सळई खुपसून पाहा. वर्षभर पाऊस तेवढाच पडून विहीर दहा फूट खाली गेली, तर आभाळाला दोष देता येणार नाही.

पर्जन्यमापकाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो सरळ पैशाशी जोडलेला आहे. अतिवृष्टीचा निकष मंडळातल्या मापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर असा धरतात. मंडळाचे यंत्र एका गावात, आणि ढग सातपुड्याच्या कडेला दुसऱ्याच गावावर फुटतो. तुमच्या शेतात बांध फुटतात आणि मापकावर पाऊस चाळीस मिलिमीटर. आपली वही सरकार आज मान्य करणार नाही, हे मला माहीत आहे. पण दहा गावांच्या तीन वर्षांच्या वह्या घेऊन बसलेल्या माणसाशी अधिकारी वेगळ्या आवाजात बोलतो, हा माझा अनुभव आहे. एका गावात पाण्याचा ताळेबंद शाळेच्या भिंतीवर सुंदर रंगवलेला मी पाहिला. आकडे कुठून आले म्हणून विचारले तर सरपंचांनाही माहीत नव्हते. तसला ताळेबंद नको.

हे काम फुकट मात्र नको. श्रमदान हा शब्द गरिबाच्या पोराला फार महाग पडला आहे. शहरातला विद्यार्थी सात दिवसांचे शिबिर करून गुण घेऊन जातो, गावातल्या पोराने वर्षभर विहिरी मोजल्या तर त्याला चहासुद्धा नाही. कामाचा हक्क कायद्याने देणारे राज्य महाराष्ट्र होते, रोजगार हमीचा कायदा इथे १९७७ साली झाला. बांध घालणे हे काम, तर बांधाने काय झाले ते मोजणे हेही काम, आणि त्याची मजुरी पंचायतीने द्यावी असा ठराव ग्रामसभेत घ्या. ट्रॉलीवरच्या पोराला पहिला बोलवा. त्याला रात्रीच्या खेपेएवढे पैसे आपण देऊ शकणार नाही, हे उघड आहे. पण साकोरे तालुक्यात नव्हे, साक्री तालुक्यात (मागच्या अंकात गावाचे नाव चुकीचे छापले गेले होते) बारीपाड्याच्या चैत्राम पवारांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जंगल राखायला सुरुवात केली, तेव्हा लाकूड तोडणारी माणसेही त्याच पाड्यातली होती. नियम गावाने केले, दंड गावाने लावला, आणि झरे पुन्हा वाहू लागले. सरकारने २०२५ साली त्यांना पद्मश्री दिली.

पुढच्या जिल्हा बैठकीत मी एक तास फक्त यासाठी मागितला आहे. प्रत्येक गावाने दोन तरुण पाठवावेत, शक्यतो एक मुलगी. कार्यकर्त्यांनी त्या तासात भाषण करू नये, मीही करणार नाही. पोरांनी येताना आपल्या गावच्या पाच विहिरींची नावे, मालकाची परवानगी आणि काठापासून पाण्यापर्यंतचे पहिले माप फुटांत लिहून आणावे. दोरी शंभर फुटी घ्या, दर फुटाला गाठ मारा. बोअरचे माप दोरीने नीट येत नाही, ती सध्या सोडून द्या.